लेकरू गेलं, बाकी राहिली

मे महिन्यात नांदेडात किंवा लातुरात सामान हलवायला छोटा हत्ती मिळाला तर तुमचं नशीब जोरावर आहे असं समजा. एरवी टरबुजं आणि सिमेंटच्या गोण्या वाहणारी ही गाडी त्या महिन्यात फक्त संसार वाहते. पलंग आडवा, कूलर उभा, कूलरच्या पोटात भांडी, सगळ्यात वर दोरीनं आवळलेला कपडे वाळत घालायचा स्टँड आणि त्या स्टँडला राहून गेलेला एक टॉवेल. ऊन चाळिशीच्या पुढं गेलं की या दोन शहरांतली माणसं गळायला लागतात.

कारणं उघड आहेत. मेच्या पहिल्या रविवारी ‘नीट’ होते. गेली काही वर्षं तारीख तशीच पडते. पोराच्या अकरावी-बारावीसाठी परभणी, हिंगोली, बीड, पार यवतमाळकडून किरायानं खोली करून राहिलेली घरं त्या रविवारी संध्याकाळीच भांडी बांधायला काढतात. पोरगा पेपर कसा गेला हे सांगेपर्यंत आईनं गॅसची नळी सोडवलेली असते. दुसरं कारण म्हणजे बदल्या. सरकारी नोकरांच्या बदल्यांसाठी 2005 चा एक कायदा आहे. एका जागी साधारण तीन वर्षं, आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये. मी त्या कायद्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही काळांत नोकरी केली. कायद्यामुळं एवढाच फरक पडला की पूर्वी माणूस बाराही महिने धास्तावलेला असायचा, आता दोनच महिने असतो. आणि तिसरं कारण म्हणजे अकरा महिन्यांचा करारनामा, त्याच्याबद्दल काय बोलायचं!

जाताना ही मंडळी कुणाकुणाचा हिशेब चुकता करून जातात, हा माझ्या घरचाच विषय आहे. माझी बायको नांदेडात तरोडा नाक्याच्या आत पाळणाघर चालवते आणि तिची धाकटी बहीण लातुरात औसा रोडला. दोघींच्या मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर आणि एसटीचे तीन-साडेतीन तास. रविवारी लेकरं नसतात, म्हणून रविवारी दोघी फोनवर असतात. बाकीच्या बहिणी साड्यांचं बोलतात, या दोघी थकबाकीचं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कारकून. पाळणाघरात माझा हुद्दा ‘आबा’ असून कामाचं स्वरूप पडेल ते असं आहे. लेकरं झोपली की पंख्याखाली बसून ताळेबंद मांडणं हे त्यातलंच.

या दोन्ही शहरांत पैशाचा एक साधा दंडक आहे, आधी पैसे मग विद्या. क्लासवाले वर्षाची फी आधी घेतात. हप्ते पाडून दिले तर उपकार केल्यासारखं बोलतात. मेसवाला महिन्याचे आगाऊ घेतो आणि वर रविवारी संध्याकाळी मेस बंद ठेवतो. अभ्यासिकेत खुर्ची आणि डोक्यावरचा पंखा यांचे पैसे आगाऊ. घरमालक डिपॉझिट घेतो आणि जाताना भिंतीतल्या खिळ्यांचे कापून घेतो. एका पाळणाघराचाच हिशेब महिना भरल्यावर. का? तर लेकरू रुळतंय का ते आधी बघू. रुळण्यात पहिला महिना जातो, मग तीच चाल पडते. सोळा वर्षांच्या पोराला फिजिक्स शिकवणाऱ्याला वर्षाचे पैसे आधी मोजणारा बाप, त्याच घरातल्या दोन वर्षांच्या पोरीला चमच्यानं वरणभात खायला शिकवणाऱ्या बाईला म्हणतो, “काकू, एकला नाही जमलं तर दहाला चालतंय ना?” काकू म्हणतात, चालतंय. फिजिक्सच्या सरांना हे विचारून बघा.

नातं पहिल्याच दिवशी लागतं, इथं सगळी गोम आहे. लेकराला सांगितलं जातं, ही तुझी मौशी, हे आबा. लेकरू रडत रडत का होईना ते मान्य करतं. आई-बाप मात्र नातं सोयीनं वापरतात. पैशाचा विषय निघाला की, “काकू, तुम्ही तर घरच्याच.” लेकराच्या गालावर ओरखडा दिसला की, “काकू, आम्ही पैसे मोजतो.” मोजतात हे खरं आहे. देत नाहीत एवढंच.

तसं बघितलं तर या लेकरांची सोय दुसऱ्या कुणीतरी करायची होती. 2017 मध्ये प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाता यायला हवं, असं ठरलं. उत्तम कायदा. पण माझ्या माहितीतल्या कचेऱ्यांत पन्नास माणसं हजेरीपटावरच एकत्र दिसतात. आमच्याकडं येणाऱ्या आया खासगी शाळेत शिकवतात, दवाखान्यात पावत्या फाडतात, बँकेच्या तालुक्यातल्या शाखेत रोज अप-डाउन करतात. अंगणवाडी दुपारी सुटते, यांची बस संध्याकाळी सुटते. मधल्या वेळेत माझी बायको.

तिची वही एकदा बघण्यासारखी आहे. लांबडं रजिस्टर, वर शाळेसारखं खाकी कव्हर, आत तिनं स्वतः पट्टीनं पाडलेले रकाने. एका लेकराच्या एका आठवड्याचा उतारा देतो, नाव गाळून.

“गुरुवार. आली 9.20. पोट ढिलं. ताकभात. झोप 1 ते 2.30. बदकावरून भांडण, बदक दोघांकडूनही काढून घेतलं. फी — उद्या.

शुक्रवार. आली 9.45. पोट बरं. धपाटं अर्धं. झोप नाही. फी — सर्व्हर डाउन.

शनिवार. हाफ डे. सुशीला खाल्ली, मिरची काढून. फी — पप्पा टाकतील.

सोमवार. पप्पा म्हणाले मम्मीनं टाकले की.

मंगळवार. मम्मी म्हणाल्या पप्पांनी टाकले.

बुधवार. वरणभात सगळा. झोप छान. नवीन शब्द — ‘देत नाही’.”

हा नवीन शब्द लेकरू कुठून शिकलं हे वहीत लिहिलेलं नाही.

एक सांगायला हवं. ज्यांचा स्वतःचाच पगार झालेला नाही त्यांचा राग येत नाही. कंत्राटी नर्सबाईचे पैसे दोन-दोन महिने अडकतात, खासगी शाळेतल्या मॅडमचा पगार संस्थाचालकाच्या लहरीवर असतो. त्या दारात आल्या की चेहऱ्यावरच कळतं, आणि बायको आपण होऊन म्हणते, “राहू द्या, झाल्यावर बघू.” एका बाईनं गाव सोडल्यावर चार महिन्यांनी, पगाराचा फरक मिळाल्यावर, पै न पै पाठवली. आमच्या नांदेड विभागातली रेल्वेची माणसं दक्षिण मध्य रेल्वेची, म्हणजे बदली झाली की सिकंदराबादकडं. एक तेलुगू घर असंच गेलं. जाताना हिशेब तर केलाच, वर लोणच्याची बरणी ठेवून गेलं. त्यांचं लेकरू येताना फक्त तेलुगू बोलायचं, जाताना “लई ऊन हाय की ओ” म्हणत गाडीत चढलं. तेव्हा बुडवणारे गरीब असतात किंवा परगावचे असतात असं काही नाही. बुडवणाऱ्यांचा कूलर बहुतेक वेळा नवा असतो.

जाणारं घर आधी ओळखू येतं. कधी आत न आलेला बाप दारात चप्पल काढून आत येतो आणि “काय आबा, तब्येत?” असं विचारतो. पेढे येतात, ते कशाचे हे सांगितलं जात नाही. लेकराची गोधडी ‘धुवायला’ म्हणून घरी जाते. मग जादा कपड्यांची पिशवी जाते. फीचा विषय काढायच्या आत आईच म्हणते, “काकू, या महिन्याचं आणि मागचं एकदमच देते.” ‘एकदमच’ हे ऐकलं की बायको आतल्या खोलीत जाऊन वही उघडते.

सगळ्यात पक्की बातमी मात्र लेकराकडूनच मिळते. एकदा दुपारी झोपायच्या वेळी तीन वर्षांचं एक पोरगं छताकडं बघत म्हणालं, “आमचा टीव्ही खोक्यात झोपला.”

बायको ताडकन उठून बसली. “आणि गॅस?”

“गॅस मामाकडं गेला.”

“आणि तू कुठं जाणार रे?”

“मी काय सांगत नसतो,” पोरगं म्हणालं. “मम्मी मारती.”

लातूरचा मासला याहून वरचढ. लग्नसराईत मी तिकडं गेलो होतो. तर मेव्हणी म्हणाली, “भाऊजी, आलाच हैत तर एका घरी जाऊन या. तीन महिन्यांचे साडेसात हजार राहिलेत. चार दिवस झाले लेकरू आलं नाही, फोन उचलंनात. बाईमाणसाला टाळतेत, तुम्हाला कसं टाळतील?” मला टाळायचा प्रश्नच आला नाही. दाराला कुलूप होतं आणि कुलपासमोर सभा भरली होती.

दूधवाला मोटारसायकलवर बसूनच होता. पेपरवाला पायरीवर. पाण्याचा जारवाला खिडकीच्या गजातून आत बघत होता. लातुरात नळ रोज येत नाही, तेव्हा घरोघर जार लागतात, हे बाहेरच्यांसाठी सांगितलं.

“माझे दोन जार आत हैत,” तो म्हणाला. “दिसायलेत बघा, त्या कोपऱ्यात. एक तर भरेल हाय.”

“म्या परवा सकाळी दूध घालून गेलो,” दूधवाला म्हणाला. “घेतलं की त्यांनी. उद्यापासून बंद करा, म्हणले नाहीत.”

सभेत एकच माणूस खुशीत होता, तो इस्त्रीवाला. “माझ्याकडं त्येंचे सहा ड्रेस हैत,” तो म्हणाला. “साहेबांचा कोट बी हाय. येतेत की झक मारत.” सगळ्यांनी त्याच्याकडं हेव्यानं बघितलं. मग माझ्याकडं वळून त्यानंच विचारलं, “तुमचं काय?”

“पाळणाघर,” मी म्हणालो.

सभा गप्प झाली. जारवाला खिडकीतून मागं वळला. “म्हंजे लेकराचे बी बुडवले?” तो म्हणाला. “जाराचं एक समजू शकतो.”

“त्येंचं काय अडकून हाय का तुमच्याकडं?” इस्त्रीवाल्याचा मुद्दा सोडायचा विचार नव्हता.

“सायकल आहे. लेकराची, तीन चाकी.”

“चालती का?”

“एक पॅडल नाही.”

त्यानं मान हलवली. माझी पत त्याच्या लेखी संपली होती. एवढ्यात वरच्या मजल्यावरून घरमालक उतरले. त्यांचा चेहरा शांत होता, कारण डिपॉझिट त्यांच्याकडं होतं आणि खिळे मोजून झाले होते. माणूस करत काय होता, असं मी विचारलं. “एका पतसंस्थेत वसुलीला होते की,” मालक म्हणाले. “लई हुशार माणूस. कुणाला सोडत नव्हते.”

पेपरवाल्यानं हात जोडले आणि सायकलवर टांग मारली.

यावर कायदा काय म्हणतो ते विचारायला मी नांदेडात आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांकडं गेलो. त्यांनी चष्मा पुसला, म्हणजे सल्ला फुकट नव्हता, पण शेजारधर्म म्हणून चहावर भागलं. भारतीय करार अधिनियम, 1872, कलम 170. तुम्ही शिंप्याकडं कापड दिलं, त्यानं मेहनत करून ब्लाऊज शिवला, तर शिलाईचे पैसे मिळेपर्यंत त्याला तो ब्लाऊज अडवून ठेवता येतो. धारणाधिकार. “आता तुमच्या मिसेसनी लेकरावर मेहनत केली, कौशल्य लावलं, हे मान्य,” वकीलसाहेब म्हणाले. “पण लेकरू ‘माल’ या व्याख्येत बसत नाही. अडवलंत तर कलम वेगळं लागतं.”

मी घरी येऊन हे सांगितलं. बायको भाकरी थापत होती. “अडवून काय करू?” ती म्हणाली. “रात्रीचं दूध कोण पाजणार, तुमचे वकीलसाहेब? तेवढे पैसे तर अजून वाढतील.” दीडशे वर्षांच्या कायद्यातली ही अडचण तिला पीठ मळता मळता दिसली.

दावा लावायचा तर मुदत कायद्यानं तीन वर्षं मिळतात. सरकारी माणसाच्या बदलीची मुदतही साधारण तीनच. म्हणजे तुम्ही नोटीस घेऊन नव्या गावी पोचेपर्यंत तो त्याच्या पुढच्या गावी गेलेला असतो आणि लेकरू पहिलीत. शिवाय नोटिशीचा खर्च, टायपिंग, पोस्ट आणि तारखेला दिवसभर कोर्टात बसणं आलं. त्या दिवशी बाकीची लेकरं कुणी सांभाळायची? ती कोर्टात नेली तर न्यायाधीशसाहेबच पैसे देऊन टाकतील असं बायकोचं मत पडलं. मला ते अगदीच चुकीचं वाटलं नाही.

मग मी नियमावली केली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी मसुदे केलेत, त्यामुळं हात वळला. “उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, पाल्याचे शुल्क दरमहा 5 तारखेच्या आत आगाऊ भरणा न केल्यास पुढील कार्यवाहीची सर्वस्वी जबाबदारी पालकांची राहील.” लॅमिनेट करून दारावर लावली. पहिल्याच दिवशी एका आईनं वाचली आणि विचारलं, “काकू, हे कशाबद्दल आहे? पाणीपट्टी?” दोन दिवसांत खालच्या कोपऱ्याला कुणीतरी दात लावले.

दाखल्याची कल्पनाही माझीच, आणि ती मात्र दोघी बहिणींना पटली. शाळा सोडल्याचा दाखला असतो तसा पाळणाघर सोडल्याचा दाखला. तो आणल्याशिवाय दुसऱ्या पाळणाघरानं लेकरू घ्यायचं नाही. शेतकऱ्याला नवं पीककर्ज हवं असेल तर गावच्या सोसायटीची बेबाकी आणावी लागते. इथं फक्त पीक वेगळं. रकाने मी पाडले. पाल्याचे नाव. प्रवेशाची तारीख. सोडण्याचे कारण. (बदली / नीट / न सांगता.) वर्तणूक. (चांगली / चावतो / आता चावत नाही.) प्रगती. येणे बाकी. शेवटच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आणि खाली सही-शिक्का मारला की दाखला पुरा. शिक्का वजिराबादेत करून आणला. पाच-सहा दाखले आम्ही दिलेही. ज्यांनी ते मागून घेतले त्यांची बाकी अर्थातच निरंक होती. एका बाईनं तर तो फ्रेम केला, कारण ‘आता चावत नाही’ हे सरकारी शिक्क्यासारख्या शिक्क्यानिशी सासूला दाखवायचं होतं. बुडवणाऱ्यांपैकी कुणीही दाखला मागायला आलं नाही. ही त्रुटी मसुद्यात कशी दुरुस्त करावी हे मला सुचलं नाही, आणि खात्यातही अशा त्रुटी आम्ही तशाच ठेवायचो.

मेव्हणीचा पिंड वेगळा. ती रोज म्हणायची की बिल पाठवते, आणि रोज पाठवत नव्हती. लाज वाटते म्हणायची. तिला मी लातूरचंच उदाहरण दिलं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ना? 12 एप्रिलला पहिली गाडी, दहा टँकर, प्रत्येकी 50 हजार लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले, देशभर फोटो छापून आले, सगळ्यांचे डोळे भरून आले. आणि मे महिन्यात रेल्वेनं जिल्हाधिकाऱ्यांना सुमारे 4 कोटींचं बिल पाठवलं. तहानलेल्याला पाणी पाजून रेल्वेला पावती फाडायला लाज वाटली नाही, मग तुला वरणभाताची का वाटावी?

हे तिला लागलं. तिनं त्या रात्री त्या वसुलीवाल्या घराला निरोप पाठवला. मला नंतर दाखवला. सुरुवात अशी होती: “कसं आहे माझं पिल्लू? जेवतंय का? घर सुनं सुनं वाटतंय.” खाली लेकराचा बादलीत बसलेला फोटो. त्याच्याखाली आणखी एक फोटो. मग “उन्हात सोडू नका, सर्दी लवकर होते त्याला.” आणि अगदी तळाशी, “ता. क. 7500.” रेल्वेनं असं बिल पाठवलं असतं तर जिल्हाधिकाऱ्यांनी परत स्टेशनवर हार घेऊन माणसं पाठवली असती.

उत्तर पाच मिनिटांत आलं. लाल बदाम, दोन हात जोडलेले, आणि “आम्हाला पण तुमची लई आठवण येते मौशी.” दुसऱ्या दिवशी डीपी दिसेनासा झाला.

“अक्का, ब्लॉक केलं वाटतं,” मेव्हणी फोनवर म्हणाली.

“सायकल आहे ना?” बायकोनं विचारलं.

“हाय की. एका पॅडलची.”

जूनमध्ये नीटचा निकाल लागतो आणि वाहतूक उलट्या दिशेनं सुरू होते. ज्यांचं जमलं ते कॉलेजांच्या यादीकडं डोळे लावून बसतात, ज्यांचं नाही जमलं ते ‘रिपीट’ मारतात. रिपीट मारताना पोरगं तेच असलं तरी गाव बदलायचं, अशी इकडं श्रद्धा आहे. नांदेडला जमलं नाही की लातूर, लातूरला जमलं नाही की नांदेड. दोन्हीकडं पुस्तकं तीच, सरही पुष्कळदा तेच, तरी छोटा हत्ती अहमदपूरवरून दोन्ही बाजूंनी भरून चाललेला असतो.

असंच एक जोडपं जूनच्या शेवटी आमच्याकडं आलं. मोठी मुलगी रिपीटर, भाग्यनगरात क्लास लावलेला. आई कुठल्याशा शाळेत लागलेली. धाकटा साडेतीन वर्षांचा, गुटगुटीत, आल्या आल्या बदकाकडं गेला.

“आधी कुठं होतात?” बायकोनं नेहमीच्या रिवाजानं विचारलं.

“लातूरला.”

“तिथं कुणाकडं राहायचा हा?”

“घरीच की. आजी असायच्या.”

जेवायची वेळ झाली होती म्हणून बायकोनं त्यालाही ताटली दिली. वरणभात समोर येताच पोरानं मांडी घातली, डोळे गच्च मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणालं, “वरण गरम, फुंकर नरम, सांडेल त्याला बाई शरम!”

हे माझ्या सासूबाईंनी जुळवलेलं आहे. त्यांनी दोन्ही लेकींना ते म्हणायला लावूनच वाढवलं. जगाच्या पाठीवर ते दोनच घरांत म्हटलं जातं, आणि त्यातलं एक औसा रोडला आहे.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाली, “गोड आहे हो. बसा, चहा टाकते.” चहा टाकायला गेली ती फोन घेऊन गेली. स्वयंपाकघरातून पातेल्याच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, “अगं माय, तोच. कानामागं तीळ? हाय. पाठव लवकर.”

बाहेर येऊन तिनं कप ठेवले. “फी अडीच हजार,” ती म्हणाली, “आणि लातूरहून येणाऱ्यांना सुरुवातीला साडेसात हजार भरावे लागतात.”

“लातूरवाल्यांनाच का?” बाईंनी विचारलं.

“तिकडच्या लेकरांना पाण्यात खेळायची हौस फार. बिल येतं.”

साहेब आता पुढं सरसावले. धंद्यातला माणूस. “काकू, हप्त्यानं करा की. अर्धे आता, अर्धे पुढच्या महिन्यात एकदमच.”

“एकदमचं आमच्याकडं बंद केलंय,” बायको म्हणाली आणि फोन पुढं केला. “याच्यावर स्कॅन करा.”

साहेबांनी स्कॅन केलं. पडद्यावर पैसे कुणाला जाणार ते नाव आलं. त्यांनी ते वाचलं. मग बायकोकडं बघितलं. मग भिंतीवर, जिथं आमच्या लग्नातला फोटो आहे आणि त्यात नवरीच्या शेजारी परकरी पोरगी उभी आहे, तिकडं बघितलं. बाईंनी कप तोंडाला लावला तो खाली घेतलाच नाही. पोरगं मात्र शेवटचा घास पुसून घेत होतं.

फोननं टिंग केलं. साडेसात हजार चाकूर-अहमदपूरवरून न जाता लातुरात पोचले.

“तर मग,” साहेब घसा साफ करत म्हणाले, “उद्यापासून पाठवू?”

“पाठवा की. या महिन्याची फी आगाऊ, आणि डिपॉझिट.”

“हे दिलं ते?”

“ते तिकडचं. डिपॉझिट वेगळं.”

मी नियमावलीचा दात न लागलेला भाग त्यांच्यापुढं धरला. साहेबांनी मुकाट्यानं दुसऱ्यांदा स्कॅन केलं. दारात चप्पल घालताना, बाई पुढं गेल्यावर, त्यांनी हळूच मला विचारलं, “आबा, सायकल आहे का हो तिकडं?”

“आहे. एसटीनं मागवून घेऊ,” मी म्हणालो. “पॅडल तेवढं तुमच्या सामानात बघा.”